अक्रोडाची डबी

साडेचारला गाडी कुंपणाशी लावली, दिवे मालवले.
थर्मासातली कॉफी झाकणात ओतली, अर्धी सांडली गुडघ्यावर.
एकट्यानं आलं की एवढं बरं असतं,
कुणी हसत नाही.

ओझार्कच्या या उतारावर एप्रिलात
पानांच्या आधी फुलं येतात रेडबडला,
नागड्या फांदीच्या सालीतून थेट फुटलेली, जांभळी.
अंधारात ती दिसत नाहीत.
अंधारात ओढा, आणि माझ्या बुटांचा आवाज,
जो मी चाळीस वर्षं कमी करू पाहतोय.

दोन खोटी पाखरं गवतात रोवली.
एक रबराची मादी, मानेवर घडी पडलेली,
आणि तिच्या मागे एक पोरसवदा नर,
ज्याला बघून खऱ्या नराचं टाळकं सरकावं.
मग ओकला टेकून बसलो.
पाठ झाकेल एवढं जाड झाड निवडावं, हे बापानं शिकवलं.
बाकी त्यानं फारसं काही शिकवलं नाही.

घुबडासारखा घुमलो एकदा.
सिकॅमोरच्या शेंड्यावरून तो उत्तरला
गळ्यात खडे घोळवत.
अंगावर काटा. त्रेसष्टाव्या वर्षीसुद्धा.

पाटीवर काडी घासली, हलकेच.
तो गरजला.
आणि वरच्या धारेवरून आणखी एक मादी बोलली.

घोगरी. तिसऱ्या सुराला फाटणारी,
सकाळी सकाळी कुणाशी भांडून आल्यासारखी.
मी उत्तर दिलं. तिनं मला मध्येच तोडलं.
मी चिडलो, ती त्याहून चिडली.
खाली पंख फडफडले, नर जमिनीवर आला,
इकडे दोन पावलं, तिकडे दोन,
दोन घरचा पाहुणा.

अर्ध्या तासानं लक्षात आलं,
खरी मादी एवढा वेळ एका जागी थांबत नाही.
आणि तो तिसरा सूर...

तो मला ठाऊक होता.
कुंपणावर पडलेल्या अक्रोडाची डबी, बापाच्या हातची,
झाकण एका बाजूला किंचित वाकलेलं,
म्हणून तिसरा सूर फाटतो. निळा खडू लावला तरी फाटतो.
बापामागे ती बहिणीकडे गेली, नोव्हेलाकडे.
नोव्हेलामागे हर्शेलकडे राहिली.
दफनानंतर आठवड्यानं मी फोन करून डबी मागितली.
तो म्हणाला, तिनं मला दिली आहे.
मी म्हणालो, तू तिला दवाखान्यात उशिरा नेलंस.

सहा वसंत झाले त्याला.

काडी हातातच राहिली.
मग घासली पुन्हा, अगदी हळू,
चरताना माद्या आपसात करतात तशी नुसती गुरगुर.
वरून तशीच गुरगुर आली.
सहा वर्षांत आम्ही एवढं बोललो नव्हतो.
त्याला माहीत होतं का? मला माहीत नाही.
पाटीला काय आवाज असतो ओळखण्यासारखा?

आणि नर आलाच.
निळं डोकं, लाल गळा, छातीवरची दाढी भुईला टेकलेली,
शेपटीचा पंखा उघडून रबराच्या पोराला अशी लाथ घातली
की ते कुशीवर पडलं.
हातात बंदूक, तोंडात रबरी पट्टी,
नळीच्या टोकावर त्याची मान.
त्याच्या मागे, चढावर, दोन झाडांच्या मध्ये
एक टोपी हलली.

बंदूक खाली घेतली.

नियम साधा आहे, पोरांनासुद्धा पाठ असतो.
रानात दुसरा शिकारी दिसला तर हात हलवू नये,
उभं राहू नये, पाखराचा आवाज काढू नये.
माणसाच्या आवाजात बोलावं, मोठ्यानं.

जिभेनं पट्टी गालात सारली.
घसा कोरडा, कॉफी तर गुडघ्यावर.

"हर्शेल," मी म्हटलं. "मी आहे. खाली, ओकपाशी."

नर गेला. कसा गेला ते बघितलंच नाही.
वर बराच वेळ काही नाही.
मग लाकडावर लाकूड बसल्याचा आवाज,
आणि खोकला.
सिगारेट अजून सुटलेली नाही त्याची.